नीळकंठशास्त्री ते फादर नेहेम्या

परप्रांती वसलेल्या मराठी माणसांनी आपल्या पूर्वसूरींचे स्मरण करावयाचे ठरविले की काही नावे ओठांवर आपोआप येतात. गागाभट्टांचे घराणे काशीचे, झाशीच्या राणीचा जन्म काशीचा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर येथील राजघराणी तर सर्वांच्याच परिचयाची. या मालिकेत एक नाव मात्र सहसा घेतले जात नाही. ते नाव म्हणजे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, अर्थात फादर नेहेम्या गोऱ्हे यांचे. त्याचे कारणही उघड आहे. काशीच्या विद्वत्परंपरेत वाढलेल्या या चित्पावन ब्राह्मणाने तेविसाव्या वर्षी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे तो त्या धर्माचा दीक्षित याजक झाला. एका पक्षाने त्यांना गमावलेला पुत्र मानले, तर दुसऱ्याने जिंकलेले रत्न. या ओढाताणीत मूळ माणूस बाजूलाच राहिला.

सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात त्यांचे चरित्र सादर करताना आम्हांला धर्माधर्मांची तुलना करावयाची नाही. वाचकांची श्रद्धा त्यांच्यापाशी आहे आणि ती तशीच राहो. आमचे लक्ष निराळ्या प्रश्नाकडे आहे. मनुष्याची श्रद्धा प्रौढ होते म्हणजे नेमके काय होते? तिच्यातील शंका संपतात, की शंकांसह जगण्याचे बळ त्या मनुष्यास लाभते? गोऱ्ह्यांच्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात या प्रश्नाचे जे उत्तर सापडते, ते कोणत्याही धर्माच्या माणसाने विचारात घ्यावे असे आहे.

गोऱ्ह्यांचे घराणे मूळचे कोकणातले. पेशवाईच्या उत्कर्षकाळात कोकणातील अनेक कुटुंबे मराठी सत्तेच्या पाठोपाठ उत्तरेकडे गेली, त्यांतलेच हे एक. बांद्याचे नवाब हे पहिल्या बाजीरावांचे आणि मस्तानीचे वंशज. त्यांच्या दरबारी नीळकंठांचे आजोबा दिवाणगिरी करीत होते. ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीच्या पूर्वेकडील काशीपुरा या गावी नीळकंठांचा जन्म झाला. वडील शिवरामपंत यांचा ओढा दरबारापेक्षा धर्माचरणाकडे अधिक होता. ते काशीस येऊन राहिले आणि मुलाचे बालपण गंगेच्या घाटांवर, शास्त्र्यांच्या पाठशाळांत गेले. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि पाठशाळेत संस्कृत. परप्रांतातल्या मराठी घरांत वाढलेल्यांना ही त्रिवेणी काही नवीन नाही.

व्याकरण आणि न्याय या दोन शास्त्रांत त्यांनी विशेष प्रावीण्य मिळविले. न्यायशास्त्राने त्यांच्या बुद्धीला जे वळण लावले ते जन्मभर टिकले. कोणतेही विधान समोर आले की त्याचे प्रमाण कोणते, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. कुलपरंपरा शैव असूनही तरुणपणीच ते विष्णुभक्तीकडे वळले. वडिलार्जित म्हणून एखादी गोष्ट मनाला पटलीच पाहिजे असे नाही, ही वृत्ती त्यांच्या ठायी धर्मांतराच्या पुष्कळ आधीपासून होती, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

त्या काळी मिशनऱ्यांची प्रवचने काशीच्या बाजारांत होत असत. या परक्यांना वादात निरुत्तर करावे अशा ईर्षेने तरुण नीळकंठ चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याकडे जाऊ लागले. त्याच सुमारास एक संस्कृत ग्रंथ पंडितमंडळींत गाजत होता. कंपनी सरकारच्या सेवेतील स्कॉटिश संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये मतपरीक्षा नावाचे पुस्तक लिहून ख्रिस्ती धर्माचे मंडन केले होते. त्याला संस्कृतातूनच तीन पंडितांनी उत्तरे दिली. पहिले उत्तर सोमनाथ या नावाने प्रसिद्ध झाले. ते सिहोरचे मराठी पंडित सुबाजी बापू यांचे असावे, असे अभ्यासक मानतात. दुसरे बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन यांनी दिले. तिसरे उत्तर म्हणजे शास्त्रतत्त्वविनिर्णय, आणि त्याचे कर्ते होते आमचे हे वीस वर्षांचे नीळकंठशास्त्री. वेदशास्त्रांचे प्रामाण्य स्थापन करून प्रतिपक्षाच्या युक्तिवादातील दोष दाखविणारा हा ग्रंथ १८४४–४५ च्या सुमारास सिद्ध झाला. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १९५१ मध्ये, तो उज्जैनहून छापून प्रसिद्ध झाला. ज्या माणसाने पुढे हिंदू दर्शनांचे खंडन केले, त्याचीच ही हिंदू धर्माच्या समर्थनार्थ लिहिलेली कृती आज अभ्यासक आदराने वाचतात. दैवगतीचा हा विलक्षण प्रकार म्हटला पाहिजे.

परंतु प्रतिपक्षास खोडून काढण्यासाठी त्याचे ग्रंथ मन लावून वाचावे लागतात. नीळकंठांनी ते प्रामाणिकपणे वाचले आणि वाद करता करता त्यांचे स्वतःचेच मन डळमळू लागले. जो प्रमाणाचा प्रश्न ते मिशनऱ्यांना विचारीत, तोच आता स्वतःला विचारणे त्यांना भाग पडले. हा झगडा तीन-चार वर्षे चालला. अखेर १४ मार्च १८४८ रोजी, काशीपासून दूर जौनपूर येथे, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे नवे नाव ठेवण्यात आले नेहेम्या. बायबलातील नेहेम्या हा इराणच्या बादशहाच्या पदरी असलेला परदेशस्थ यहुदी होता. पूर्वजांच्या यरुशलेम नगरीचा कोट पडला आहे हे ऐकून तो व्याकुळ झाला आणि बादशहाची अनुज्ञा घेऊन तो कोट पुन्हा बांधण्यासाठी गेला. परप्रांतात जन्मलेल्या, आणि पुढे पूर्वजांच्या मुलखात येऊन सेवा करणार असलेल्या या मराठी तरुणाला ते नाव किती साजले, हे पुढील चरित्रावरून दिसेल.

या निर्णयाची किंमत मोठी होती. त्या काळी धर्मांतर म्हणजे घरादारातून, पंक्तीतून, पितरांच्या तर्पणातून कायमचे उठणे. मुलाने पिंडदान करावे ही ज्या पित्याच्या जीवनाची अखेरची आस, त्या पित्याला तो मुलगा जिवंतपणी अंतरला. शिवरामपंतांचे दुःख काय असेल ते शब्दांत सांगण्याचे कारण नाही. पत्नी लक्ष्मीबाई काही काळ सासरमाहेरच्या मंडळींत राहिल्या आणि नंतर पतीकडे येऊन त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ११ सप्टेंबर १८५३ रोजी काशीस त्यांना कन्या झाली. आनंदाचा हा प्रसंग फार काळ टिकला नाही. थोड्याच महिन्यांत लक्ष्मीबाई निवर्तल्या. तान्ह्या मुलीस सांभाळण्यास एकटा पिता असमर्थ होता. एलन लक्ष्मी या नावाची ही मुलगी परक्या घरी वाढली आणि पुढे एका मिशनरी कुटुंबाबरोबर इंग्लंडला गेली. पित्याच्या जातीने पित्याला टाकले होते. आता पित्याच्याही हातून लेक सुटली. गोऱ्ह्यांच्या धर्मजीवनाविषयी बोलताना त्यांचे हे रिते घर विसरून चालणार नाही.

१८५४ मध्ये पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग इंग्लंडला निघाले. त्यांनी आदल्याच वर्षी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यांच्या सोबत पंडित म्हणून गोऱ्हे गेले. राणी व्हिक्टोरियाचे दर्शन, विद्वानांच्या भेटी, इझ्लिंग्टनच्या मिशनरी विद्यालयातील वास्तव्य असा पुष्कळ अनुभव त्यांना मिळाला. प्रसिद्ध संस्कृतज्ञ मॅक्स म्यूलर यांचीही गाठ पडली. परंतु ज्या देशाला ख्रिस्ती म्हणतात तेथील ऐश्वर्य, धावपळ आणि धर्माविषयीची बेफिकिरी पाहून हा काशीचा शास्त्री विषण्ण झाला. त्यांची ही निराशा मॅक्स म्यूलर यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केली आहे. ग्रंथांतला ख्रिस्त त्यांना लंडनच्या रस्त्यांवर आढळला नाही. दुर्बळ मनाचा माणस असता तर येथेच परतला असता, आणि लोभी असता तर तेथेच रमला असता. गोऱ्हे १८५५ मध्ये हिंदुस्थानात परतले ते श्रद्धा आणि शंका दोन्ही बरोबर घेऊन.

यानंतरचा काळ ग्रंथलेखनाचा. १८६० मध्ये त्यांचा षड्दर्शनदर्पण हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सांख्य, न्याय, वेदान्त आदी दर्शनांची न्यायशास्त्राच्याच पद्धतीने केलेली ही चिकित्सा होय. काशीच्या संस्कृत विद्यालयात अध्यापन केलेले अमेरिकन विद्वान फिट्झएडवर्ड हॉल यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले व ते १८६२ मध्ये कलकत्त्यास छापले गेले. त्यातील निष्कर्ष अनेकांना मान्य होणार नाहीत, आणि ते व्हावेत असा आमचा आग्रहही नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की लेखकाने दर्शनांचा अभ्यास मूळ ग्रंथांवरून केला होता. ऐकीव माहितीवर टीका करणाऱ्यांच्या गर्दीत हा गुण दुर्मिळ होता.

पण वादात जय मिळविणे म्हणजे आत्मिक प्रौढता नव्हे, हे गोऱ्ह्यांना आपल्या अंतःकरणावरून कळत होते. दुसऱ्यांच्या मतांवर चालणारी त्यांची तर्काची धार स्वतःच्या मतांवरही तशीच चाले. पापी मनुष्यास अनंतकाळची शिक्षा होते या सिद्धान्तावरील आक्षेपांचा विचार करणारी पुस्तिका त्यांनी १८६८ मध्ये लिहिली. ज्या प्रश्नांपासून इतर उपदेशक दूर राहत, त्यांच्याशीच ते भिडत. एक शंका निरसली की दुसरी उभी राही. आपल्या या अवस्थेविषयी ते विश्वासू स्नेह्यांशी मोकळेपणाने बोलत. केवळ एकट्याच्या बुद्धीवर धर्माचा सारा भार टाकता येत नाही, अशा निर्णयाला ते हळूहळू आले. शतकानुशतके चालत आलेली उपासना, संस्कार आणि गुरुशिष्यपरंपरा यांचा आधार असावा लागतो, असे त्यांना वाटू लागले. म्हणून अँग्लिकन पंथातील ज्या शाखेत प्राचीन परंपरेला आणि संस्कारांना मोठे महत्त्व आहे, त्या शाखेकडे त्यांचा ओढा वाढला. काशीतील गुरुगृही वाढलेल्या माणसाला परंपरेचे हे मोल ठाऊक असावे, यात नवल ते कोणते?

येथे वाचकांच्या सोयीसाठी थोडे स्पष्टीकरण करतो. अँग्लिकन पंथात धर्मसेवेचे तीन दर्जे आहेत: डीकन, प्रीस्ट म्हणजे याजक, आणि बिशप. डीकन या शब्दाचा मूळ अर्थच मुळी सेवक असा आहे, आणि पुढे याजक झाला तरी मनुष्य आधी सेवकाची दीक्षा घेतलेला असतो. बिशप मस्तकावर हात ठेवून दीक्षा देतात. हा हस्तस्पर्श ख्रिस्ताच्या प्रेषितांपासून अखंड चालत आला आहे, अशी त्या पंथाची श्रद्धा आहे. याजकाचा अधिकार जन्माने येत नाही आणि विद्वत्तेनेही येत नाही. तो सोपविलेला असतो. भाकर आणि द्राक्षारस यांच्या संस्कारात याजक स्वतःचे काही देत नाही. जे त्याला मिळाले आहे तेच तो इतरांच्या हाती ठेवतो.

जन्माने ब्राह्मण आणि विद्येने शास्त्री असलेल्या गोऱ्ह्यांना या कल्पनेत एक नवा अर्थ गवसला असावा, असे आम्हांस वाटते. बाप्तिस्म्यानंतर तब्बल वीस वर्षे ते दीक्षेविना राहिले होते. १८६८ मध्ये ते डीकन झाले आणि १८७० मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, कलकत्त्याचे बिशप रॉबर्ट मिल्मन यांच्याकडून त्यांना याजकपदाची दीक्षा मिळाली. सर्व शंका मिटल्यावरच पुढे पाऊल टाकीन असे म्हणत बसते, तर ते वेदीपाशी कधीच पोचले नसते. मला सारे समजले आहे, असे सांगण्यासाठी याजक उभा राहत नाही. जे माझ्याहून मोठे आहे त्याची मी सेवा करीन, एवढीच त्याची प्रतिज्ञा असते. अपूर्ण माणसालाही ती घेता येते.

१८७६ मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. ऑक्सफर्डजवळील काउली येथे १८६६ साली रिचर्ड बेन्सन यांनी संत योहानाच्या नावाने एक व्रतस्थ याजकांचा संघ स्थापन केला होता. अकिंचनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही त्याची तीन व्रते. काशीच्या संन्याशांना लहानपणापासून पाहिलेल्या गोऱ्ह्यांना हे जीवन परके वाटले नाही. ते संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. उमेदवारी संपली की आजन्म व्रताची शपथ घ्यावयाची असते. गोऱ्ह्यांनी ती शपथ अखेरपर्यंत घेतली नाही. संघाच्या छायेत, संघाच्या शिस्तीने, अत्यंत साधेपणाने ते जवळजवळ दोन दशके जगले, परंतु अंतिम प्रतिज्ञेचा उच्चार करण्यास त्यांचे मन धजावले नाही. देवापुढे उच्चारलेल्या शब्दात तिळभरही संशय नसावा, इतका त्यांचा सत्याविषयीचा काटेकोरपणा होता. ज्यांना जगाने फादर म्हणून गौरविले, ते त्या संघाच्या दप्तरी मात्र उमेदवारच राहिले. आमच्या मते या माणसाची थोरवी समजण्यास ही एकच गोष्ट पुरेशी आहे.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांची सेवा मुख्यतः पुणे आणि मुंबई या भागांत झाली, आणि बुंदेलखंडात जन्मलेला हा मराठी माणूस पूर्वजांच्या मुलखात आला. पुण्याचे पंचहौद मिशन म्हणजे त्यांच्याच संघाचे ठिकाण. १८९० मध्ये तेथे घेतलेल्या चहावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य झाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. एक पेला चहाने जेथे समाज ढवळून निघे, तेथे ब्राह्मण घराण्यातून आलेल्या याजकाकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील याची कल्पना करता येते. तरीही प्रार्थनासमाजाच्या व ब्राह्मसमाजाच्या विचारवंतांशी त्यांचा संवाद चालू राहिला. ईश्वर एक असून तो प्रेमळ पिता आहे ही या समाजांची शिकवण प्राचीन शास्त्रांतून आलेली नसून ख्रिस्ती धर्मातून आली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते मान्य करणारे थोडे होते, परंतु त्यामागील व्यासंगाचा आदर बहुतेकांना वाटे.

त्यांच्या या प्रतिपादनाचा सर्वांत खोल ठसा ज्या व्यक्तीवर उमटला, ती म्हणजे पंडिता रमाबाई. दोघांच्या जीवनांत केवढे साम्य! दोघेही संस्कृत शास्त्रांत मुरलेले, दोघांचेही बालपण महाराष्ट्राच्या सीमांबाहेर गेलेले. वैधव्यानंतर १८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या, तेव्हा गोऱ्ह्यांशी त्यांचा परिचय झाला, आणि त्या इंग्लंडला गेल्यावर पत्रांतून ही चर्चा पुढे चालू राहिली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी वॉन्टेज येथे बाप्तिस्मा घेतला. आपली बुद्धी पटविण्यात फादर गोऱ्ह्यांचा वाटा मोठा होता, असे त्यांनी पुढे कृतज्ञतेने लिहून ठेवले.

पण शिष्या गुरूच्या पावलांवर पाऊल ठेवून चालली असे झाले नाही. गोऱ्ह्यांनी परंपरेच्या आणि धर्मगुरूंच्या अधिकारात विसावा शोधला, तर रमाबाईंनी तो अधिकार डोळे मिटून मानण्यास स्पष्ट नकार दिला. एका ब्राह्मणी पौरोहित्याच्या जोखडातून सुटून दुसऱ्या पौरोहित्याखाली मान देण्यास त्या तयार नव्हत्या. गोऱ्हे विनयाच्या वाटेने गेले, रमाबाई स्वातंत्र्याच्या. श्रद्धेच्या प्रौढतेला एकच साचा नसतो, हे या दोन मराठी जीवनांवरून जितके स्पष्ट होते तितके ते एखाद्या ग्रंथावरून क्वचितच होईल.

या कथेतील एक धागा अजून सांगावयाचा राहिला आहे. इंग्लंडमध्ये वाढलेली एलन लक्ष्मी १८८० मध्ये हिंदुस्थानात परतली. ती कवयित्री झाली होती. १८८३ मध्ये तिच्या भक्तिगीतांचा संग्रह प्रसिद्ध झाला आणि त्यांतील एक गीत इंग्रजी भाषिक ख्रिस्ती जगात सर्वत्र गाइले गेले. पुढे अलाहाबाद येथे अनाथ मुलींच्या सेवेत तिने अनेक वर्षे घालविली आणि १८९७ मध्ये तिला डीकनेस म्हणून सेवादीक्षा मिळाली. त्या वेळी पिता हयात नव्हता. ज्या मुलीला तो स्वतःच्या मांडीवर वाढवू शकला नाही, तिने आईवेगळ्या मुलींना मांडीवर घेतले.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत फादर गोऱ्ह्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईतच नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला होता. मराठी ख्रिस्ती जीवनाचे एक पर्व संपत असताना दुसऱ्याचा आरंभ झाला होता. टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाची वाट दिली. गोऱ्ह्यांच्या वाट्याला आले होते ते त्याआधीचे रूक्ष आणि एकाकी काम, पाया खणण्याचे.

तर मग प्रौढ श्रद्धा म्हणजे काय? गोऱ्ह्यांच्या चरित्रावरून आम्हांस दिसते ते असे. विसाव्या वर्षी त्यांना सर्व प्रश्नांची उत्तरे ठाऊक होती आणि त्यांनी ती संस्कृत श्लोकांत बांधली. सत्तराव्या वर्षी त्यांच्यापाशी उत्तरे थोडी होती, पण पंचवीस वर्षांची याजकसेवा होती, शिष्यांचे प्रेम होते आणि स्वतःच्या उणिवेची निर्मळ जाणीव होती. शंका त्यांना सोडून गेली नाही. तिला धाकटी बहीण मानून तिच्यासह ते वेदीपाशी उभे राहिले. वादी होता तो सेवक झाला, आणि सेवक झाल्यावरही त्याने स्वतःस उमेदवारच मानले.

आपणही सारे घरापासून दूर आलेले. मुलांना आपण श्लोक शिकवितो, सण साजरे करतो, भाषा टिकवितो, आणि तीच मुले उद्या आपल्याहून वेगळ्या वाटेने गेली तर काय, ही धास्ती कोणत्या घरात नाही? शिवरामपंतांनाही ती असेलच. त्यांच्या मुलाने वाट सोडली हे खरे, परंतु पाठशाळेत मिळालेला सत्यशोधनाचा हट्ट, काशीतले साधेपण आणि गुरूविषयीची नम्रता ही शिदोरी त्याने मरेपर्यंत टाकली नाही. माणसाच्या घरातून निघालेले संस्कार कोणत्या रूपाने कोठे उगवतील, हे आईबापांच्या हाती नसते. पेरणी तेवढी त्यांच्या हाती असते. मराठी मंडळींनी आपल्या पूर्वजांची यादी करताना काशीच्या या शास्त्र्याचे, या फादरांचे, नाव त्यात आदराने लिहावे, एवढीच आमची विनंती आहे.